समुद्राकडच्या चार खोल्या

४ जून, सकाळ

ही आज बहिणीकडे गेली. उकाड्यामुळे. बरोबर दोन मोठ्या बॅगा, छत्री आणि माळ्यावरचा लोकरीचा कोट. एवढ्या उन्हाळ्यात लोकरीचा कोट कशाला, हे विचारायचं राहून गेलं. घाईत बायका हाताला लागेल ते उचलतात.

जाताना म्हणाली, आता आपल्यात बोलण्यासारखं काही राहिलेलं नाही. मी तेव्हा दुकानाचं शटर वर करत होतो आणि बाहेर एक गिऱ्हाईक टेबलफॅन काखेत मारून उभं होतं. मी म्हटलं, बरं, संध्याकाळी निवांत बोलू. ती हसली. म्हणजे राग नव्हता. उकाड्यात माणूस टोकाचं बोलतो. पंखेदुरुस्तीच्या धंद्यात असल्यामुळे तापलेली माणसं मी जितकी पाहिली तितकी डॉक्टरांनीही पाहिली नसतील. पंखा फिरायला लागला की तीच माणसं दारात उभी राहून घरच्या गोष्टी सांगतात.

४ जून, दुपार

जेवण: उकडलेली अंडी आणि ब्रेड. अंडी छान झाली. एक फुटलं.

संकल्प: रोज रोजनिशी लिहायची. फक्त स्वतःसाठी. माझ्या डोक्यात कामाचे विचार बरेच येतात आणि दुकानाच्या गडबडीत वाया जातात.

६ जून

उपाय सापडला. दुकानात एक मोटर उघडून बसलो होतो, तेव्हा एकदम सुचला.

दर उन्हाळ्यात आम्ही चार घरं मिळून सहलीला जातो. आम्ही दोघं. साडू आणि मेहुणीबाई, म्हणजे हिची थोरली बहीण, जिच्याकडे ही सध्या आहे. समोरच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई. आणि माझी ताई, जी नर्सची नोकरी संपवून एकटी राहते आणि न विचारता सगळ्यांना औषधं सांगते. या ग्रुपचा सहलप्रमुख मी आहे. निवडणूक झाली नव्हती, पण कुणी विरोधही केला नव्हता. जागा शोधणं, बुकिंग, तिकिटं, कुणाला कुठली खोली, वाटेतला डबा, असली किरकोळ कामं ही बघायची. मी नेतृत्व करायचो. सगळ्या ग्रुप फोटोंत मी मध्ये आहे.

यंदा किरकोळ कामंही मीच करणार. उत्तरेकडचा, गार हवेचा समुद्रकिनारा. हिने आजवर एकही सहल चुकवलेली नाही. तिथल्या गारव्यात डोकं शांत झालं की माझ्याबरोबर आपोआप घरी येईल. वेगळं काही बोलावंही लागणार नाही. या योजनेतली हीच मोठी सोय आहे.

७ जून

साडूंना फोन केला. सहल म्हटल्यावर ते खोकले. मग म्हणाले, बघू. मग म्हणाले, तुम्ही कसे आहात? मी म्हटलं, माझं सोडा, तारखा बोला. पुन्हा म्हणाले, बघू. माणूस सोन्यासारखा, पण निर्णयक्षमता शून्य.

हिला फोन द्या म्हटलं तर ती आंघोळीला गेली होती. संध्याकाळी पुन्हा केला, तेव्हाही आंघोळीलाच. तिकडे उकाडा फारच दिसतो.

८ जून

झोप नाही. आमच्या झोपायच्या खोलीतला छताचा पंखा आवाज करतो, असं हिचं म्हणणं आहे. फिरताना कुर्र, आणि मग खट. तीन उन्हाळे म्हणतेय. मला तर ऐकूही येत नाही. तरी मी एकदाही नाही म्हटलेलं नाही. दर वेळी म्हटलं, करतो. पण सीझनमध्ये गिऱ्हाइकांचे पंखे सोडून घरचा पंखा उघडत बसलो, तर धंदा कसा व्हायचा? हे तिलाही पटलं असावं, कारण गेल्या वर्षीपासून ती बाहेरच्या खोलीत झोपायला लागली आणि विषय मिटला.

११ जून

गच्चीवर मीटिंग. सगळे आले, ही सोडून. मेहुणीबाई म्हणाल्या, तिचं डोकं दुखतंय. ताईने लगेच गोळीचं नाव सांगितलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

मी छोटंसं भाषण केलं. भिंतीवर नकाशा लावला होता, तो वाऱ्याने दोनदा पडला. मी म्हटलं, बघा, वारा आपल्या बाजूने आहे. कुणी हसलं नाही. तीन जागा मांडल्या: दीपगृहाचं गाव, बंदराचं गाव आणि एक बेट. तिन्ही थेट उत्तरेला, तिन्हीकडे उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर लागतो. प्रश्न विचारा म्हटलं. डॉक्टर बुटांच्या लेसशी खेळत राहिले. साडू म्हणाले, चहा छान झालाय. चहा कडवट झाला होता, मला माहीत आहे.

जाताना डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, जेवता ना वेळेवर? सहलीच्या विषयाशी याचा काही संबंध नव्हता. एकंदरीत मीटिंग यशस्वी. एकमत झालं नाही, पण मतभेदही झाले नाहीत.

१२ जून

ताई एकटीच परत आली. डबा घेऊन. मी जेवत असताना म्हणाली, अरे, तू एकदा तिच्याशी बोल. मी म्हटलं, सगळं ठरू दे, मग एकदमच सांगतो. ती म्हणाली, सहलीबद्दल नाही रे. मग भांडी घासून गेली. ताईचं आता वय झालंय. एका विषयावर टिकत नाही.

१४ जून

जागा निवडण्याची शास्त्रीय पद्धत ठरवली. लोक गारवा म्हटलं की तापमान विचारतात. चूक. माझ्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं की पंखा हवा थंड करत नाही, हलवतो. गारवा म्हणजे वारा. म्हणून जिथला वारा उत्तम ती जागा.

आता वारा इथे बसून कसा तपासायचा? तर कानाने. माझी खासियतच ती आहे. गिऱ्हाईक फोन करतं, मी म्हणतो, फोन पंख्याजवळ धरा. आणि आवाजावरून सांगतो, बेअरिंग गेलंय, किंवा पातं वाकलंय, किंवा काही झालेलं नाही, वर पिशवी अडकलीय. अख्ख्या बाजारात हे दुसऱ्या कुणाला जमत नाही. हीच पद्धत समुद्राला लावायची.

ही असती तर म्हणाली असती, आधी तिथे संडास किती आहेत ते विचारा. बायकांना मूळ मुद्दा सापडत नाही.

१६ जून

फोन केले.

बंदराचं गाव: लॉजचे मालक म्हणाले, इकडे हवा इतकी शांत की पान हलत नाही. अभिमानाने सांगत होते. बाद.

बेट: मी म्हटलं, जरा फोन खिडकीबाहेर धरता का? त्यांनी फोन ठेवून दिला. बाद.

दीपगृहाचं गाव: एक बाई बोलल्या. आवाज वयस्कर, पण माणूस समजूतदार. खिडकीबाहेर कशाला, असं विचारलं. मी म्हटलं, वारा ऐकायचाय. त्या म्हणाल्या, थांबा, आधी दूध उतरवते. मग धरला.

काय वारा होता. भरलेला, एकसारखा, मोठ्या पात्याचा. मध्येच लाटेचा हलका आवाज, पण खटका कुठे नाही. मी डोळे मिटून ऐकत राहिलो. गिऱ्हाईक हाका मारून निघून गेलं. हिला हा वारा आवडेल. अगदी आवडेल. दीपगृहाचं गाव पक्कं.

१७ जून

बुकिंगसाठी त्याच बाईंना पुन्हा फोन. समुद्राकडच्या चार खोल्या हव्यात, म्हटलं. गाव विचारलं, सांगितलं. तर त्या म्हणाल्या, अहो, तुमच्या गावच्या मंडळींचं बुकिंग तर झालेलं आहे. दहा जुलैपासून. एक बाई दर वर्षी कुठल्या कुठल्या सहली ठरवतात म्हणे, त्यांनीच केलं. मे महिन्यातच.

मी खुर्चीवर बसलो. खुर्चीवर वाइंडिंगची तार होती, तरी बसलो.

तर ही गोष्ट. हिने मला न सांगता सगळं ठरवून ठेवलंय. सरप्राइज. मी ज्या निष्कर्षावर इतका अभ्यास करून पोचलो, त्यावर ती आधीच पोचली होती. म्हणून कोट. म्हणून मीटिंगमध्ये सगळे मूग गिळून बसले होते. सगळ्यांना माहीत होतं. आणि मी वेड्यासारखा नकाशा टांगत होतो.

आज फार दिवसांनी दुपारी झोप लागली.

१८ जून

एक छोटी अडचण. खोल्या तीनच आहेत.

बाईंना पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, तीनच सांगितल्या, दोनदा विचारून घेतलं मी. आता हिशेब असा: एक साडू आणि मेहुणीबाई. एक डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई. एक आम्ही दोघं. मग ताई? ताईला आमच्या खोलीत घेतलं तर मी संकोचणार. ताई आणि ही एका खोलीत म्हटलं तर मी उरतो. मी आणि डॉक्टर एकत्र म्हटलं तर डॉक्टर घोरतात. कसंही मांडलं तरी एक माणूस उरतो, आणि तो फिरून फिरून मीच निघतो. हिची हिशेबातली चूक. गडबडीत झाली असणार.

चौथी खोली द्या म्हटलं. बाई म्हणाल्या, नाही हो. एक लहान आहे मागच्या बाजूला, पण माझ्या हाताखाली एक मदतनीस येणार आहे जुलैपासून, तिच्यासाठी ती ठेवलीय. मी म्हटलं, मदतनिसाला दोन आठवडे कुठेही झोपवा. त्या जरा तुटकपणे म्हणाल्या, तसं नाही करत मी माझ्या माणसांना.

ठीक आहे. तिथे गेल्यावर बघू. नेतृत्व म्हणजे आयत्या वेळी मार्ग काढणं.

२२ जून

उष्णतेची लाट. दुकानात पंख्यांचा ढीग. पाय ठेवायला जागा नाही. मलाच पंखा लावायला प्लग रिकामा नाही.

डॉक्टर त्यांच्या हॉलमधला पंखा घेऊन आले. म्हणाले, घाई नाही, जुलैच्या शेवटी नेतो. एवढ्या उष्म्यात माणूस महिनाभर पंखा सोडतो? मी मिश्कीलपणे डोळा मारला. म्हटलं, कळलं बरं का. डॉक्टर लाल झाले, आणि कवळीचं काम अर्धं राहिलंय म्हणून पळाले. सरप्राइज लपवणं त्यांना मुळीच जमत नाही.

२५ जून

साडू एक टेबलफॅन घेऊन आले. दारातच घुटमळत होते. म्हणाले, हा तिच्या खोलीतला. रात्रभर कुरकुरतो, तिला डोळ्याला डोळा लागत नाही. दुसऱ्या कुणाकडे द्यावा म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं.

हिला त्रास होतोय म्हटल्यावर मी थांबतो होय? सगळी गिऱ्हाइकं बाजूला ठेवली. एका बाईने मला तोंडावर उद्धट म्हटलं, मी लक्ष दिलं नाही. पंखा उघडला. काही विशेष नव्हतं, बेअरिंग झिजलेलं. नवीन टाकलं. मग म्हटलं, हात घातलाच आहे तर नीट करू. जाळी घासली, पाती पुसली, बटण ढिलं होतं ते बदललं, खाली रबराचे नवे पाय लावले. चालू केला तर फिरतोय की नाही ते बघावं लागावं, इतका मऊ. साडूंना म्हटलं, पैशाचं नाव काढू नका. त्यांना काहीतरी बोलायचं होतं.  शेवटी म्हणाले, तुमचा हात खरंच चांगला आहे. आणि खाली बघत निघून गेले.

वर घरातला, झोपायच्या खोलीतला पंखाही बघायला हवा. करतो.

१ जुलै

ताई आली. आज तिने डबा खाली ठेवायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. म्हणाली, आम्ही दहाला जातोय, तुला कुठून तरी कळलंय असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, कळलंय, पण मी तोंड बंद ठेवलंय. ती म्हणाली, अरे, नीट ऐक. तिला तू यायला नको आहेस. मी तुझी सख्खी बहीण आहे म्हणून मी सांगायचं ठरलं.

मी विचारलं, हे ती स्वतः म्हणाली का? ताई म्हणाली, हो. मी विचारलं, कधी, दुपारी की संध्याकाळी? ताई बघतच राहिली. म्हणाली, दुपारी. मी म्हटलं, बघ, दुपारी. भर उन्हात माणूस काय वाटेल ते बोलतो.

ताई रडली. मी तिच्याकडे पंखा वळवला.

४ जुलै

स्वेटर खरेदी. दुकानदार म्हणाला, या दिवसांत लोकरीचं काही घेणारे तुम्ही दुसरे. पहिलं कोण, विचारलं. म्हणाला, एक बाई, लोकरीचे मोजे आणि हातमोजे घेऊन गेल्या. इथे कुठे लागतात हातमोजे, असं मी विचारलं तर म्हणाल्या, मला पुढच्या थंडीसाठी हवेत.

कोण कुठली बाई. काही लोक फारच लांबचा विचार करतात.

८ जुलै

संकल्प: १. स्टँडवर वेळेवर पोचायचं. २. कुणालाही काही विचारायचं नाही. ३. हिच्या बॅगा आपण उचलायच्या. ४. पंख्यांबद्दल बोलायचं नाही.

दुकानासाठी पाटी रंगवली: सहलीनिमित्त बंद. अक्षर सुरेख आलं.

१० जुलै

सकाळी शटर ओढलं, पाटी लावली, स्वेटर घालून स्टँडवर गेलो. हातात धरला तर चुरगळतो म्हणून घातला. स्टँडपर्यंत जाताना आतला सदरा पिळून काढण्यासारखा झाला.

सगळे तिथे होते. साडू टपावर बॅगा चढवत होते. मला बघून त्यांच्या हातातली बॅग खाली पडली. डॉक्टर पेपरमागे गेले. मेहुणीबाई म्हणाल्या, अगं बाई. 

ही खिडकीशी बसली होती. उतरून आली. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरी दिसत होती. चेहऱ्यावर झोप झालेली दिसत होती. माझ्या स्वेटरकडे बघितलं. तिने त्याचा खांदा ओढून सरळ केला, हात मागे घेतला. मग म्हणाली, तो टेबलफॅन छान झाला. अजिबात आवाज येत नाही.

मी म्हटलं, काहीच नव्हतं गं, बेअरिंग होतं.

ती म्हणाली, किती वेळ लागला?

मी म्हटलं, एक दुपार. तीही मी घासतपुसत बसलो म्हणून.

ती म्हणाली, हं. एक दुपार. आणि गाडीत जाऊन बसली.

चौथा संकल्प मोडला, पण विषय तिनेच काढला होता. शिवाय तिने कामाचं कौतुक केलं, हे फार दिवसांनी झालं. माझ्याकडे तिकीट नव्हतं, हे कंडक्टरने जरा मोठ्याने सांगितलं. मी सगळ्यांना म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, दुकानात काम तुंबलंय, दोन दिवसांत येतोच मागून. कुणी या म्हणालं नाही, कुणी येऊ नका म्हणालं नाही. ताईने खिडकीतून माझ्या हातात डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या.

गाडी सुटल्यावर दुकानावर आलो. पाटीसमोर चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. एक जण पाटीला शिव्या देत होता. पाटी काढली.

१२ जुलै

आज निघायचं होतं. शाळेचे पंखे आले, एकदम सगळे. परवा निघतो.

१५ जुलै

परवा जमलं नाही. तारेचं बंडल संपलं. तार आली की निघतोच.

१७ जुलै

तार आली. पण आता त्यांची निम्मी सहल झाली. मध्येच जाऊन टपकण्यात शोभा नाही. त्यापेक्षा ती परत येईल तेव्हा घर नीटनेटकं असावं, हे जास्त महत्त्वाचं. पडदे धुतले. एकाचा रंग दुसऱ्याला लागला. आता दोन्ही सारखे दिसतात, हा फायदा.

वरचा पंखाही करून टाकतो. शिडी दुकानात आहे, ती वर आणायला दुसरा माणूस हवा. करतो.

२५ जुलै

मंडळी परतली. डॉक्टर पंखा घ्यायला आले. नाक सोललेलं, प्रकृती उत्तम. कशी झाली सहल? म्हणाले, वारा फार हो, छत्र्या उलट्या झाल्या. मी म्हटलं, मला फोनवरच कळलं होतं. मग त्यांना विचारलं, ही कशी आहे? डॉक्टर म्हणाले, छान आहे. आणि पंख्याचे पैसे न विचारता जास्तच ठेवून गेले.

मेहुणीबाईंकडे फोन केला. आंघोळीला गेली असेल ना, असं मीच आधी विचारलं. मेहुणीबाई म्हणाल्या, नाही, ती इथे नाहीच. आता साडूंनाच पाठवते तुमच्याकडे.

२६ जुलै

साडू आले. स्टुलावर बसले. टेबलफॅन बरोबर आणला होता, तो मांडीवर धरून बसले. म्हणाले, ती तिकडेच राहिली. त्या लॉजच्या बाईंना मदतीला कुणीतरी हवं होतं. खोल्यांचं, बुकिंगचं, लोकांच्या राहण्याजेवणाचं सगळं बघायचं. तिच्या हातखंड्याचं काम. मागे एक खोली आहे, ती तिला दिलीय. पगारही देतात.

मी म्हटलं, म्हणजे उकाडा कमी होईपर्यंत.

साडू पंख्याच्या जाळीवरून बोट फिरवत राहिले. म्हणाले, असं नाही मला वाटत. हा पंखा तुमच्याकडे परत द्यायला सांगितलाय तिने. तिकडे लागत नाही.

मी म्हटलं, बरोबर आहे, तिकडे वारा आहे. साडू म्हणाले, भाऊ. नुसतंच भाऊ म्हणाले आणि उठले. निर्णयक्षमता शून्य म्हटलं होतं मी त्यांना. एवढं सांगायला आले, ते मात्र सोपं नव्हतं.

एक लक्षात आलं. ज्या मदतनिसाला कुठेही झोपवा असं मी बाईंना म्हटलं होतं, ती हीच.

३ ऑगस्ट

उकाडा आहेच. या हवेत तिने परत येणं शहाणपणाचं नाही. माझाही तोच सल्ला असता.

१४ ऑगस्ट

अजून उकाडा. गिऱ्हाईक कमी. टेबलफॅन काउंटरवर लावलाय. आवाज येत नाही म्हणून चालू आहे हे विसरतो, आणि शटर ओढताना लक्षात येतं.

२४ ऑगस्ट

ढग. संध्याकाळी शर्टाची वरची गुंडी लावावीशी वाटली. लावली नाही.

२८ ऑगस्ट

आज हवा गार आहे. दिवसभर एकही पंखा आला नाही. लोक रस्त्यातून सावकाश चालत होते आणि एकमेकांना सांगत होते, सुटलो बाबा.

ताई डबा घेऊन आली. म्हणाली, बरं वाटतं ना आता? मी म्हटलं, उकाडा गेला. ती म्हणाली, हो. मी पुन्हा म्हटलं, आता उकाडा राहिलेला नाही. ताईला कळलं मी काय म्हणतोय ते. यावेळी ती रडली नाही. झाकण काढून डबा माझ्यापुढे सरकवला.

३० ऑगस्ट

लॉजवर फोन केला. बाईंना विचारणार होतो, मदतनीस कशी काय आहे, काम नीट करते ना. कुणी ओळखीचं आहे म्हणून सांगणार होतो.

फोन हिनेच उचलला. लॉजचं नाव सांगून म्हणाली, बोला, काय सेवा करू? हा स्वर मी ऐकलेला होता. आमच्या सगळ्या सहलींची बुकिंगं तिने याच स्वरात केली, बाहेरच्या खोलीत बसून, आणि मी आतून विचारायचो, झालं का गं?

काय बोलायचं ते सगळं ठरवलं होतं. एक वाक्य सापडेना. शेवटी म्हटलं, जरा फोन खिडकीबाहेर धरता का?

 ओळखलं तिने. मला वाटलं, ठेवणार. पण खिडकीची कडी काढल्याचा आवाज आला.

वारा तोच होता. मोठ्या पात्याचा, एकसारखा. मागे कुणीतरी भांडी आणत होतं, कुणीतरी तिला नावाने हाक मारत होतं आणि ती लांबून, हसत, आले म्हणत होती. मला तिचं असं हसणं ओळखायला वेळ लागला. आवाजात कुठे खटका नव्हता. शोधून पाहिला. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं तिथे.

मग फोन आत घेतला. म्हणाली, ऐकलात? मी म्हटलं, हो. चांगला आहे. ती म्हणाली, अजून काही? मी म्हटलं, नाही.

तिने थोडा वेळ वाट पाहिली. तीन उन्हाळे पाहिली होती, त्यात ही थोडी. मग म्हणाली, बरं, आणि फोन ठेवला.

१ सप्टेंबर

शिडी मीच वर आणली. दुसरा माणूस लागत नाही. झोपायच्या खोलीतला पंखा उतरवला. उतरवायच्या आधी चालू करून खाली उभा राहिलो आणि ऐकला. कुर्र, आणि मग खट. कुर्र, खट. गिऱ्हाइकाने फोनवर ऐकवला असता, तर मी ऐकता ऐकताच सांगितलं असतं.

बेअरिंग होतं. दुकानात डबाभर पडलेली असतात. नवीन टाकलं, ग्रीस दिलं, पाती पुसली, वर चढवला. जेवायच्या आत झालं. घासतपुसत बसलो नसतो तर चहाच्या आत झालं असतं.

आता लावून खाली पडलोय. अजिबात आवाज नाही. फिरतोय की नाही ते बघावं लागतं. बाहेर इतका गारवा आहे की स्वेटर घातलाय, तरी पाय गार पडलेत.

पंखा बंद करायला हवा. करतो.